हजेरीचं रजिस्टर आणि बाजीराव सिंघम

(१९८२ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, निलंगा येथे दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून मला विषय विचारला. मी म्हणालो, "फायटिंगचे पिच्चर." पलीकडं जरा वेळ शांतता. मग आपला मित्र म्हणाला, "अरे, छत्तीस वर्षं पोलिसात काढलास. कायदा-सुव्यवस्था, तरुणांची व्यसनं, असं काहीतरी बोल की." मी म्हणालो, तेच बोलणार आहे, फक्त पिच्चरमधून बोलणार आहे. तेव्हा सर, आता तुम्ही छडी शोधू नका. वर्गात या विषयावर बोलायला बंदी होती, मांडवात नाही.

आपल्या बॅचला सिनेमा सरळ कधी भेटलाच नाही. मार्चमध्ये आपण दहावीची परीक्षा दिली तेव्हा निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. जिल्हा बदलला, पण पिच्चर तेवढ्याच उशिरा यायचे. 'शोले' १९७५ च्या पंधरा ऑगस्टला मुंबईत लागला. आपल्यापर्यंत आला तोपर्यंत त्याच्या रिळाला इतके जोड लागले होते, की ठाकूरचे हात कापायच्या आतच तो बिनहाताचा दिसायला लागला. जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. उलट्या बाजूला बसलेल्यांचा अमिताभ सगळीकडं उजवा, कारण त्यांना तो आरशातल्यासारखा दिसायचा. पुढं गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आला. एका रात्रीत तीन पिच्चर, आणि पहाटे गल्लीतली अर्धी पोरं कपाळाला लाल फडकं बांधून रॅम्बो.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो, जो मी हल्ली भरतीच्या पोरांना विचारतो. 'शोले'त जयनं किती माणसं मारली? बघा, कुणीच हात वर करत नाही. बरं, जयच्या नाण्याचं काय होतं? सगळे हात वर. दोन्ही बाजू सारख्या असलेलं नाणं. तो माउथ ऑर्गन. आणि तो मरतो ते. पन्नास वर्षांनी एवढंच उरलं. गोळ्या सगळ्या विसरलो.

या एका प्रश्नावर माझा सगळा विचार उभा आहे. फायटिंगच्या पिच्चरमध्ये फायटिंग सगळ्यात आधी पुसली जाते. उरते ती त्या माणसाची एखादी सवय, एखादी खोट, त्यानं पाळलेली एखादी गोष्ट. आणि दुसरा भाग काढणारे लोक नेमकी फायटिंग वाढवतात आणि बाकीचं सोडून देतात.

आमच्या खात्यातल्या हिरोपासून सुरू करतो. 'सिंघम' आला २०११ साली. मूळ तमिळ, 'सिंगम', २०१०, त्यात सूर्या होता, दिग्दर्शक हरी. रोहित शेट्टीनं तो आपल्याकडं आणताना बाजीराव सिंघम नावाचा मराठी इन्स्पेक्टर केला आणि शिवगड नावाचं गाव दिलं. अजय देवगण मराठी बोलायला लागला, अशोक सराफ हवालदार झाले, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी, गोविंद नामदेव असे आपले ओळखीचे चेहरे. "आता माझी सटकली" हे वाक्य तर इतकं पसरलं, की माझ्याच ठाण्यात चहावाल्याचं पोरगं मला बघून म्हणायचं.

पण तुम्ही तो पिच्चर पोलिसाच्या डोळ्यांनी बघा. सगळी थेटरं ज्या प्रसंगाला शिट्ट्या मारत होती, तो प्रसंग कशाचा आहे? जयकांत शिक्रे नावाचा बडा गुंड. प्रकाश राजनं काय काम केलंय त्यात! त्याला जामिनाच्या अटीप्रमाणे शिवगडच्या ठाण्यात येऊन सही करायची असते. तो स्वतः न येता माणसं पाठवतो. सिंघम म्हणतो, ज्याची हजेरी आहे त्यानंच यायचं. बस, एवढंच भांडण आहे. रजिस्टरवर सही कोण करणार!

हे बघून मी थेटरात खुर्चीवरून उठायचाच बाकी होतो. कारण पोलीस ठाण्यात खरी लढाई अशीच असते. हजेरीला येणारा मोठा माणूस गाडी बाहेर उभी करतो, ड्रायव्हरला आत पाठवतो, "साहेब जरा गडबडीत आहेत, मीच करू का सही?" आणि समोर बसलेल्या हवालदारानं त्या क्षणाला काय करायचं ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. तिथं खांब उपटून कामाचं नसतं. "नाही, त्यांनाच बोलवा" एवढं वाक्य तोंडातून काढायला जी ताकद लागते, ती दंडात नसते. आणि त्या वाक्याची किंमत काय? पिच्चरमध्येही तीच दाखवली आहे: बदली. जयकांत शिक्रे वरून चक्रं फिरवतो आणि सिंघमला गोव्याला आपल्या हद्दीत बदलून आणतो. बदली! आमच्या नोकरीतला सगळ्यात मोठा व्हिलन पडद्यावर इतक्या सरळ मी पहिल्यांदाच बघितला.

त्याच पिच्चरमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिची फारशी चर्चा होत नाही. सुरुवातीलाच एक प्रामाणिक इन्स्पेक्टर खोट्या आरोपामुळं आत्महत्या करतो, आणि त्याची बायको, म्हणजे सोनाली कुलकर्णी, नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसायला दारोदार फिरते. सिंघमच्या सगळ्या मारामारीच्या खाली हे दुःख आहे, म्हणून ती मारामारी पोकळ वाटत नाही.

मग आला 'सिंघम रिटर्न्स', २०१४, पुन्हा पंधरा ऑगस्ट. सिंघम मुंबईत डीसीपी. समोर ढोंगी बाबा, काळा पैसा, राजकारण. शिवगडची नदी गेली, हजेरीचं रजिस्टर गेलं. साहेब मोठे झाले आणि त्यांना आता कुणी बदलीची भीती घालू शकत नाही. मग २०२४ च्या दिवाळीत 'सिंघम अगेन'. त्यात रामायणाची चौकट, श्रीलंका, आणि सिंघमच्या मदतीला रणवीर सिंग, अक्षय कुमार, दीपिका पदुकोण, टायगर श्रॉफ. मी नातवाबरोबर बघितला. नातू खूश होता, मी त्याच्या आनंदात आनंद मानला. पण घरी येताना त्याला विचारलं, "यात सिंघमनं काय केलं?" तर तो म्हणाला, "आजोबा, सगळ्यांनीच सगळं केलं." सात वर्षांच्या पोरानं केलेलं हे परीक्षण कुठल्याही पेपरात छापून यावं असं आहे.

दुसरे भाग ही आजची टूम आहे असं समजू नका. आपल्याकडं 'हंटरवाली' १९३५ साली आला. वाडिया मूव्हीटोन, दिग्दर्शक होमी वाडिया, आणि हिरो कोण, तर एक बाई! नादिया. ऑस्ट्रेलियात जन्मलेली, मुखवटा लावून हातात चाबूक घेतलेली, घोड्यावरून उड्या मारणारी. आपल्या आज्यांच्या काळात हे चालत होतं, ही गोष्ट वर्गातल्या मुलींनी लक्षात ठेवावी. त्याचा पुढचा भाग १९४३ साली निघाला: 'हंटरवाली की बेटी'. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच निर्मात्याला कळलं होतं, की लोक त्या बाईला विसरत नाहीत, मग तिच्या पोरीला आणा.

मराठीतही अगदी तेच झालं. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३ चा. तात्या विंचू आठवत नाही असा माणूस या मांडवात असेल तर त्यानं उठून बाहेर जावं. रामदास पाध्यांचा तो बाहुला, दिलीप प्रभावळकर, आणि घाबरून डोळे विस्फारणारा लक्ष्मीकांत बेर्डे. वीस वर्षांनी, २०१३ ला 'झपाटलेला २' आला, तोही थ्रीडी. लक्ष्या २००४ सालीच गेला होता. मग गोष्टीत त्याचा मुलगा आणला, आदिनाथ कोठारे. चष्मा लावला की बाहुला अंगावर यायचा, तंत्र पहिल्यापेक्षा दहापट चांगलं. पण पहिल्या पिच्चरमध्ये आपल्याला भीती वाटली होती ती बाहुल्याची नव्हती. लक्ष्या इतका मनापासून घाबरायचा, की आपण त्याच्यासाठी घाबरायचो. ते घाबरणं थ्रीडीत कुठून आणणार?

कोठारेंचाच त्याआधीचा 'दे दणादण' (१९८७) मला जास्त जवळचा. कारण तो हवालदाराचा पिच्चर आहे. लक्ष्याला मारुतीच्या कृपेनं अचाट शक्ती मिळते, आणि लाल रंग दिसला की ती जाते. गोष्टीची कल्पना टेरेन्स हिलच्या 'सुपर फझ' नावाच्या परदेशी पिच्चरमधली, पण मारुती आपला. मी १९८८ ला शिपाई म्हणून भरती झालो. ट्रेनिंग सेंटरला आम्ही एकमेकांना लाल रुमाल दाखवून चिडवायचो. आता मला सांगा, त्या लक्ष्यानं कुणाकुणाला उचलून आपटलं हे कुणाला आठवतं? आणि लाल रंग कोण विसरलं? हिरोची ताकद लक्षात राहत नाही, ती कुठं संपते तेवढं लक्षात राहतं.

हॉलिवुडवाल्यांनी हे कधी ओळखलं, कधी विसरलं. आपल्या गल्लीतला लाल फडक्याचा रॅम्बो घ्या. पहिला भाग, १९८२ चा 'फर्स्ट ब्लड', आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट बघितलाय. व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला एक सैनिक एका लहान गावातून चालत निघालाय. तिथला पोलीस प्रमुख त्याला कारण नसताना पकडतो, कोठडीत त्याचे हाल होतात, आणि त्याचं डोकं फिरतं. सगळ्या पिच्चरमध्ये माणूस मरतो एक. शेवटी रॅम्बो आपल्या जुन्या कर्नलसमोर लहान पोरासारखा रडतो. डेव्हिड मॉरेलच्या मूळ कादंबरीत तर तो मरतोच. म्हणजे हा पिच्चर कोठडीतल्या अत्याचारावर आहे, आणि आमच्या ट्रेनिंगमध्ये दाखवायला हवा होता. पण १९८५ च्या दुसऱ्या भागात त्याच्या हातात मोठी मशीनगन आली, मुडद्यांची मोजदाद संपली, आणि रडणारा माणूस गायब झाला. आपण गणपतीत बघितला तो हा.

याच्या उलट 'टर्मिनेटर'. पहिल्यात, १९८४ ला, अर्नोल्ड श्वार्झनेगर माणसं मारणारं यंत्र. दुसऱ्यात, १९९१ ला, तो परत येतो, पण या वेळी एक लहान पोरगा त्याला सांगतो, की माणूस मारायचा नाही. आणि ते यंत्र ऐकतं. पोलीस समोर आले तर पायावर गोळ्या मारतं, जीव घेत नाही. माझ्या मते जगातला सगळ्यात चांगला दुसरा भाग हाच. कारण त्यांनी हिरोची ताकद वाढवली नाही, त्याला एक अट घातली. अट आली आणि त्या यंत्रात माणूस दिसायला लागला.

'बाहुबली'चं विचाराल तर तो मी यात धरत नाही. २०१५ चा भाग प्रश्नावर संपला आणि २०१७ च्या भागात उत्तर मिळालं, म्हणजे तो अर्धा राहिलेला पहिलाच भाग. मात्र हिंदीतल्या बाहुबलीचा आवाज आपल्या शरद केळकरचा, आणि हिंदीतल्या पुष्पाचा आवाज श्रेयस तळपदेचा, हे घरी जाऊन पोरांना जरूर सांगा. शरद केळकर 'लय भारी'त व्हिलन होता. निशिकांत कामतांनी २०१४ ला केलेला तो पिच्चर आपण लातूरकरांनी घरचं लग्न असल्यासारखा बघितला, कारण हिरो बाभळगावचा. रितेश देशमुखला विटेवर उभ्या विठोबाच्या पंढरपुरात मारामारी करताना बघून माझी आई म्हणाली होती, "पोरगं चांगलंय, पण एवढं ओरडायलंय कशाला?" चार वर्षांनी 'माऊली'त तो इन्स्पेक्टर होऊन आला. आई तोवर नव्हती, नाहीतर खात्याबद्दल तिनं मला सुनावलंच असतं.

आता ज्या पिच्चरचा दुसरा भाग निघूच शकत नाही, त्याबद्दल. 'अर्धसत्य', १९८३. गोविंद निहलानींचा, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. ओम पुरी सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, आणि सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टी. अमरापूरकरांचा तो थंड आवाज! वेलणकर चांगला माणूस आहे. पण त्याला प्रत्येक ठिकाणी अडवलं जातं, आणि तो संताप शेवटी चुकीच्या माणसावर निघतो: कोठडीतल्या एका साध्या चोरट्यावर. तो मरतो. मग स्वतःला वाचवायला वेलणकरला त्याच रामा शेट्टीच्या दारात जावं लागतं. शेवटी तो शेट्टीचा गळा आवळतो आणि ठाण्यात येऊन सांगतो. वेलणकर आणि सिंघम, दोघांचाही राग खरा आहे. फरक एवढा, की वेलणकरच्या रागाची पावती पिच्चर त्याच्या हातात देतो. सिंघमच्या पहिल्या भागाच्या शेवटी सगळं खातं मिळून जयकांतला संपवतं, कागदावर वेगळी गोष्ट लिहिली जाते, आणि आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या मीही वाजवल्या. पण ज्यानं पंचनामे लिहिलेत, त्याला माहीत असतं, की पिच्चर संपल्यावर त्या कागदाचा दुसरा भाग सुरू होतो. त्याला चौकशी म्हणतात.

योगायोग बघा. 'सिंघम रिटर्न्स' आला १५ ऑगस्ट २०१४ ला, आणि २३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विषय चकमकी, तेही मुंबईतल्या. न्यायालयानं सोळा सूचना घातल्या: चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, आणि लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. ही शेवटची सूचना मला फार आवडते. टाळ्या जरा थांबवा, असंच त्यात लिहिलंय.

टाळ्या थांबत नाहीत, ते आपण शेजारी हैदराबादला बघितलं. डिसेंबर २०१९ मध्ये एका तरुण डॉक्टर मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्या गावातही पेढे वाटले गेले, मी खाल्ले नाहीत एवढंच. पुढं सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगानं अहवाल दिला, २०२२ मध्ये तो बाहेर आला: गोळ्या जीव घ्यायच्या हेतूनं झाडल्या होत्या, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. त्या मुलीच्या आईबापांचं दुःख खरंच आहे, त्यांचा राग मी समजतो. पण त्या चौघांचा गुन्हा आता कुठल्याच न्यायालयात सिद्ध व्हायचा नाही. पुढच्या वर्षी, २०२३ ला, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल एका कार्यक्रमात सिंघमचं नाव घेऊनच बोलले, की असे पिच्चर न्यायाबद्दल घातक समजूत पसरवतात. लोकांना वाटलं, साहेबांना पिच्चर कळत नाही. मला वाटतं, त्यांनी पिच्चर आपल्यापेक्षा नीट बघितला.

तुम्ही म्हणाल, हा निवृत्त झाल्यावर शहाणा झाला. म्हणून एक रात्र सांगतो. गाव सांगत नाही, जिल्हाही आपला नाही. 'सिंघम' येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथं सहायक निरीक्षक. एका लहान पोरीच्या बाबतीत वाईट गोष्ट घडली, आणि संशयावरून वीस-एकवीस वर्षांच्या एका पोराला आम्ही आणलं. रात्री साडेनऊच्या पुढं माणसं जमायला लागली. आधी पन्नास, मग मोजता येईना. ठाण्यात मी, एक महिला शिपाई धरून सहा कर्मचारी, आणि जादा कुमक निघालेली पण दीड तास लांब. बाहेरून ओरडा, "त्याला बाहेर द्या, नाहीतर तुम्हीच उडवा." आणि एका पोराचा बारीक आवाज, अजून कानात आहे: "सायेब, सिंघम व्हा की! काय बगायलाव?"

चॅनेल गेटला कुलूप घातलं, किल्ली मी खिशात ठेवली. पाय कापत होते. अंधार होता म्हणून कुणाला दिसले नाहीत. मग मी काय केलं, तर ठाण्यातल्या असतील नसतील तेवढ्या खुर्च्या व्हरांड्यात मांडायला लावल्या. गावातल्या दोन-दोन वडीलधाऱ्यांना नावानं हाक मारून आत घेतलं, पाणी दिलं, आणि प्रत्येकाला तेच सांगितलं: पोरगा चोवीस तासांच्या आत न्यायालयासमोर उभा राहील, आणि तोवर त्याला माझ्या अंगावरूनच न्यावं लागेल. एक आजोबा उठले, बाहेर गेले, आणि गेटला पाठ लावून लोकांकडं तोंड करून बसले. काही बोलले नाहीत. ते बसले, तसे त्यांच्या भावकीतले चार-पाच जण बसले. सव्वादोनपर्यंत गर्दी पांगली. कुमक त्याआधी आली होती, पण तिला काही करावं लागलं नाही.

आठ दिवसांनी खरा आरोपी सापडला, त्याच पोरीच्या नात्यातला. या पोराचा काही संबंध नव्हता. तो आता कुठं असतो, मला माहीत आहे. सांगणार नाही. त्याचं लग्न झालंय, एवढं सांगतो.

त्या रात्रीला मी फायटिंग म्हणतो. माझ्यापेक्षा त्या आजोबांची. कुठल्याही पिच्चरमध्ये मला तो प्रसंग सापडला नाही. सगळ्यात जवळ जाणारा सापडला तो रजिस्टरचाच.

रजिस्टरवरून आणखी एक आठवलं, इथं एवढे शिक्षक बसलेत म्हणून बोलतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आम्ही सगळे विसर्जनाच्या बंदोबस्तातून रात्री उशिरा पाठ टेकलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीकडं निघालेल्या पहिल्या गाड्यांपैकी एकीत मी होतो. लष्कर आलं, मोठी यंत्रं आली, बाहेरगावचे तरुण हातानं दगड उपसत होते, त्या सगळ्यांना माझा सलाम. पण एका गावात एक गुरुजी ढिगाऱ्यासमोर शाळेचा हजेरीपट घेऊन बसले होते. एकेक नाव मोठ्यानं वाचायचे, थांबायचे, कुणी "आहे" म्हटलं तर खूण करायचे. आम्हाला कुठं खणायचं ते त्या हजेरीपटावरून कळत होतं. त्यांच्यावर पिच्चर निघायचा नाही, दुसरा भाग तर लांबच. बाई, तुम्ही डोळे पुसू नका, माझंही बोलणं अडेल.

आता शेवटचं, कामाचं. मी निवृत्त होऊन गावी आलोय. भरतीची पोरं-पोरी सकाळी माझ्याकडं मैदानावर येतात. मैदानी परीक्षा पन्नास गुणांची: पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. लेखी शंभर गुणांची. बहुतेक पोरं दंड दाखवायला येतात, लेखीला कंटाळतात. निम्म्यांच्या फोनवर सिंघमचा फोटो आहे. मी काढा म्हणत नाही. आपल्या वर्गमित्रांच्या घरची कुणी असतील तर जरूर पाठवा, सहाच्या आत, बूट घालून. पैसे नाहीत.

पळणं झालं की मी त्यांना झाडाखाली बसवून स्टेशन डायरी कशी लिहितात ते शिकवतो. परवा एक पोरगं वैतागून म्हणालं, "सर, लिहायचंच काय शिकवायलाव? यात फायटिंग कुठंय?" तेव्हा त्या रात्रीची नोंद त्याला म्हणून दाखवली, मला पाठ आहे. २१.४० वाजता ठाण्यासमोर जमाव जमला. २.१५ वाजता जमाव शांततेत पांगला. बळाचा वापर केला नाही. आरोपी सुरक्षित.

पोरगं म्हणालं, "मग पुढं?"

"पुढं काय," म्हणालो, "सही केली आणि चहा मागवला."